वजनकाट्यावर इटली

कुताइसीच्या बाजारात माझं पुस्तकांचं टेबल आहे,
चौथ्या पायाखाली वीट.
उजवीकडे लामाराची मसाल्यांची पोती,
त्यामुळे माझ्याकडची कुठलीही कादंबरी
मेथीचा वास घेऊनच घरी जाते.

मार्चमध्ये जुम्बेर आला.
एकोणतीस वर्षं मिनीबस चालवलेला माणूस,
कुताइसी ते झेस्ताफोनी, झेस्ताफोनी ते कुताइसी,
बोलताना अजून त्याचा उजवा हात गिअर शोधतो.
म्हणाला, इटलीचं काहीतरी दे. बारीकसं.
कुठे जाणार?
"बारीला. एतेरीकडे."
आणि मग उगाचच, "विमानाने."

एतेरीला सगळा बाजार ओळखतो.
अकरा वर्षं ती तिकडे एका म्हातारीला
न्हाऊ घालते, गोळ्या देते, रात्री उठून कूस बदलून देते.
महिन्याला पैसे येतात, रविवारी फोनवर चेहरा येतो.
कागदपत्रांचं काहीतरी अडलंय, तिला येता येत नाही.
आता हाच निघालाय, बासष्टाव्या वर्षी,
कोरा पासपोर्ट दुधाच्या पिशवीत गुंडाळून.

मी आधी जाडं पुस्तक पुढे केलं. धंदा आहे.
सहाशे पानं, घड्यांचे नकाशे,
कुठल्या चर्चच्या कुठल्या खिडकीतून
किती वाजता ऊन येतं, तेसुद्धा.
त्याने ते उचललं आणि सरळ लामाराच्या तराजूत ठेवलं.
"नऊशे ग्रॅम," लामारा म्हणाली, सवयीने.
"सामान दहा किलो," तो म्हणाला,
"त्यात चीज, अक्रोड, तुझी झेंडूची पूड,
आणि तिच्या आईचा फोटो, काचेसकट."

मग त्याने भलतंच विचारलं:
हीच मंडळी आपल्या देशावरही लिहितात का?
लिहितात. जाडेही, बारकेही.
जाड्यात आमच्या गावाला नऊ पानं.
नदी हिरवी, पूल पांढरा, आणि
"येथील मिनीबसचालक दिलदार; वळणावळणावर गाणी म्हणतात."
"मी कधी गायलो?"
त्याने मला विचारलं, खरोखरच विचारलं.

बारक्यात अर्धं पान.
चढ कुठे, शौचालय कुठे.
शेवटी एक ओळ: मिनीबस भरल्याशिवाय सुटत नाही, लवकर या.
ती त्याने दोनदा वाचली.
"याला खोटं बोलायला जागाच नव्हती," म्हणाला,
आणि इटलीचं बारकं उचललं.

पैसे दिले, सगळे सुटे.
मग तिथेच उभ्याउभ्या चाकू काढून
रोम कापलं. फ्लॉरेन्स कापलं. व्हेनिस कापलं,
शिवण जपत, मासा साफ करावा तसं.
मी ओरडले, अरे, पुस्तक आहे ते!
"तिथे माझं कोणी नाही."

उरलं बारीचं दीड पान
आणि पाठीमागची चाळीस वाक्यं:
पाणी कुठे मिळेल, हे केवढ्याला, मला डॉक्टर हवा.
एकावर बोट ठेवून म्हणाला, हे म्हणून दाखव.
मला तरी कुठे येतं?
आम्ही दोघांनी मिळून ते चुकीचंच म्हटलं,
बोटाखालचा अर्थ मात्र स्वच्छ छापलेला होता:
"दोघांसाठी खोली आहे का?"
लामारा तराजू पुसत राहिली, पुसलेलाच.

आता मे लागला. तो परतला की नाही, ठाऊक नाही.
झेस्ताफोनीची बस एक पोरगा चालवतो.
तो गातो.
लामाराचं रोम संपलं, फ्लॉरेन्स चालू आहे;
काल कुणी शंभर ग्रॅम धणे नेले
एका भल्यामोठ्या घुमटात बांधून.
व्हेनिस मात्र मी दिलं नाही.
चौपदरी घडी करून विटेवर ठेवलंय.
टेबल पूर्वीपेक्षा कमी डुगडुगतं.